टेट्रिसचे हक्क आणि पझल गेमच्या धंद्याची पहिली वर्षे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेट्रिसविषयी आणि एकूणच पझल गेमच्या सुरुवातीच्या धंद्याविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भर टेट्रिसवर आहे, कारण पझल गेमचे हक्क म्हणजे नेमके काय आणि ते कोणाकडून घ्यायचे, हा प्रश्न त्याच्यामुळेच पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर उभा राहिला.

१. पझल गेम नेमका कोणत्या गेमला म्हणायचे?

ज्या गेममध्ये शत्रूला मारणे किंवा गोष्ट पुढे नेणे दुय्यम असते आणि एखादी रचना ओळखणे, जुळवणे किंवा सोडवणे हेच मुख्य काम असते, त्याला साधारणपणे पझल गेम म्हणतात. यात दोन जाती आहेत. पहिल्या जातीत प्रत्येक पातळी कोणीतरी आधीच रचलेली असते आणि तिला ठरावीक उत्तर असते. खोकी ढकलत योग्य जागी नेण्याचा सोकोबान हे तिचे उत्तम उदाहरण. दुसऱ्या जातीत शेवटचे उत्तर नसतेच; तुकडे येत राहतात, वेग वाढत जातो आणि खेळणारा कधीतरी हरतो. टेट्रिस या जातीचा.

धंद्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. पहिल्या जातीचा गेम सोडवून झाला की बाजूला पडतो आणि त्यासाठी भरपूर पातळ्या रचाव्या लागतात. दुसऱ्या जातीचा गेम अगदी थोड्या मेमरीत मावतो, त्याला भाषांतर लागत नाही आणि तो वर्षानुवर्षे खेळला जातो. १९८० च्या दशकात मेमरी महाग होती. त्यामुळे असा गेम हाती लागणे म्हणजे कमी खर्चात जगभर विकता येईल असा माल मिळणे होते, हे व्यापाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले.

२. टेट्रिस हा जगातला पहिला पझल गेम होता का?

नाही. हिरोयुकी इमाबायाशी यांचा सोकोबान जपानमध्ये १९८२ साली त्यांच्याच थिंकिंग रॅबिट या कंपनीने घरगुती संगणकांसाठी विकायला आणला होता. १९८३ मध्ये अमेरिकेत ब्रॉडरबंडने लोड रनर प्रकाशित केला. त्यात धावपळ भरपूर असली तरी प्रत्येक पातळी हे एक कोडेच होते, आणि स्वतःच्या पातळ्या रचण्याची सोयही त्यात होती. अ‍ॅक्टिव्हिजनने १९८६ मध्ये आणलेला शांघाय हा माजाँगच्या सोंगट्यांच्या जोड्या उचलण्याचा गेमही टेट्रिस पाश्चात्त्य बाजारात पोहोचण्याआधीच चांगला खपत होता.

शांघायचे कर्ते ब्रोडी लॉकार्ड यांच्याविषयी इथे दोन वाक्ये लिहावीशी वाटतात. ते स्टॅनफर्ड विद्यापीठात जिम्नॅस्टिक्सचे खेळाडू होते. ट्रॅम्पोलिनवरील अपघातात त्यांचे शरीर मानेखाली लुळे पडले आणि त्यानंतर तोंडात धरलेल्या काडीने एकेक कळ दाबत त्यांनी हा गेम लिहिला. पझल गेमच्या इतिहासात टेट्रिसखेरीज दुसरे नावच घेतले जात नाही, हे अशा माणसांवर अन्याय करणारे आहे.

टेट्रिसचे पहिलेपण वेगळे आहे. सरकारी मालकीच्या अर्थव्यवस्थेत जन्मलेल्या एका गेमचे हक्क भांडवली बाजारातल्या अनेक कंपन्यांनी एकाच वेळी आपले मानले, आणि मग त्यांना ते कागदावर सिद्ध करावे लागले.

३. टेट्रिस कोणी, कुठे आणि कशावर तयार केला? साल १९८४ की १९८५?

अलेक्सेय पाजित्नोव हे मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या दोरोदनित्सिन संगणन केंद्रात काम करत होते. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि बोललेले शब्द संगणकाला ओळखता येणे हे त्यांचे कामाचे विषय होते. लहानपणापासून त्यांना पेंटोमिनोचे कोडे आवडत असे. त्यात पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे एका चौकटीत नीट बसवायचे असतात. हे तुकडे संगणकावर वरून खाली पडत आले तर काय होईल, असा विचार करताना बारा आकार फार होतात हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी चार चौकोनांचे सात आकार घेतले.

त्यांच्यासमोर होता इलेक्ट्रॉनिका ६० हा सोव्हिएत बनावटीचा संगणक. त्याला चित्रे काढताच येत नसत. पडद्यावर फक्त अक्षरे आणि चिन्हे उमटत. म्हणून पाजित्नोव यांनी एक उघडणारा आणि एक बंद होणारा कंस शेजारी ठेवून एक चौकोन मानला आणि अशा कंसांच्या जोड्यांनी सगळे तुकडे रंगवले. सुरुवातीला चौकट काही क्षणांतच भरून जाई आणि खेळ संपे. मग पूर्ण भरलेली ओळ तशीच ठेवण्यात काही अर्थ नाही, ती पुसून टाकावी, हे त्यांना सुचले. माझ्या मते टेट्रिसचे सगळे यश या एका निर्णयात आहे, कारण नीट केलेले काम नाहीसे होते आणि फक्त चुका साचत जातात.

साल १९८४ मानले जाते. टेट्रिस कंपनी ६ जून १९८४ हा वाढदिवस म्हणून साजरा करते. दिमित्री पावलोव्स्की आणि त्या वेळी शाळेत असलेला वादिम गेरासिमोव यांच्यासह केलेली आयबीएम पीसीवरची रंगीत आवृत्ती त्यानंतरची आहे. मॉस्कोबाहेर पसरली ती हीच आवृत्ती, म्हणून काही लेखांत १९८५ हे साल दिलेले आढळते.

४. पाजित्नोव यांनी गेम लगेच विकायला का काढला नाही?

कारण तो विकण्याची वाटच त्यांच्याकडे नव्हती. सरकारी संस्थेच्या संगणकावर, सरकारी नोकरीत असताना लिहिलेली आज्ञावली खासगी व्यक्तीने परदेशी विकावी, अशी कोणतीही सोय सोव्हिएत व्यवस्थेत नव्हती. देशातही संगणकीय गेमचा बाजार असा नव्हताच. आयबीएम पीसीवरची आवृत्ती तयार झाल्यावर ती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फुकट नकलून घेतली गेली आणि पाहता पाहता मॉस्कोतल्या बहुतेक पीसींवर पोहोचली.

पुढे पाजित्नोव यांनी गेमचे हक्क दहा वर्षांसाठी संगणन केंद्राच्या, म्हणजे पर्यायाने राज्याच्या हाती दिले. हा निर्णय भोळेपणाचा होता असे अनेक वाचक लिहितात. मला तसे वाटत नाही. हक्क स्वतःकडे ठेवून गेम देशाबाहेर काढणे त्या व्यवस्थेत शक्यच नव्हते. राज्याला पुढे करून तो निदान जगापर्यंत पोहोचला. त्यांना पैसे कधी मिळाले, यासाठी प्रश्न १४ पाहावा.

५. मग टेट्रिस सोव्हिएत संघाबाहेर कसा गेला?

हंगेरीमार्गे. मॉस्कोहून एक फ्लॉपी बुडापेस्टच्या एसझेडकेआय या संगणक संस्थेत गेली. तिथल्या प्रोग्रामरांनी हा गेम इतर संगणकांवरही उतरवला. १९८६ मध्ये लंडनच्या अँड्रोमेडा सॉफ्टवेअरचे रॉबर्ट स्टाइन तिथे नव्या मालाच्या शोधात आले होते. स्टाइन मूळचे हंगेरीचेच. त्यांनी तो गेम पाहिला, खेळला आणि मॉस्कोला टेलेक्स पाठवून हक्कांची मागणी केली.

पाजित्नोव यांच्याकडून आलेले उत्तर अनुकूल होते. बोलणी पुढे न्यायची त्यांची तयारी त्यात दिसत होती. स्टाइन यांनी मात्र त्यालाच होकार मानले आणि ब्रिटनमधील मिररसॉफ्ट आणि अमेरिकेतील स्पेक्ट्रम होलोबाइट या दोन कंपन्यांना परवाने विकले. दोन्ही कंपन्या वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या उद्योगसमूहाशी जोडलेल्या होत्या.

६. स्टाइन यांनी विकलेले हक्क बेकायदेशीर होते का?

सुरुवातीला त्यांच्या हातात सही झालेला कोणताही करार नव्हता, हे निर्विवाद आहे. १९८८ च्या आरंभी गेम अमेरिकेत दुकानांत आला, तेव्हाही तो नव्हता. सोव्हिएत बाजूने सॉफ्टवेअरची आयात-निर्यात पाहणारी एलोर्ग ही सरकारी संस्था मध्ये आल्यावर मे १९८८ मध्ये करार झाला, आणि त्यातही हक्क मिळाले ते संगणकांपुरते. टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यांचे, व्हिडिओ गेम पार्लरमधल्या यंत्रांचे किंवा हातात धरायच्या यंत्रांचे हक्क त्यात नव्हते.

स्टाइन यांना सरसकट लबाड ठरवणारी वर्णने मला पटत नाहीत. टेलेक्सवर शब्द घ्यायचा, माल बाजारात आणायचा आणि कागद मागाहून पुरे करायचे, ही घाई त्या काळच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नवी नव्हती. त्यांचा खरा दोष असा की, आपल्याकडे नसलेली वस्तू आपण विकली आहे हे ठाऊक असूनही त्यांनी ते पुढच्या खरेदीदारांना सांगितले नाही.

७. एकाच गेमचे हक्क इतक्या कंपन्यांकडे कसे गेले?

परवाना घेणाऱ्याने पुढे उपपरवाना द्यायचा आणि मूळ कागद कोणीही तपासायचा नाही, असे झाल्यामुळे. मिररसॉफ्टने अटारी गेम्सला हक्क दिले. अटारी गेम्सने घरगुती गेमसाठी टेंजेन हे आपले नाव वापरले आणि जपानमधील पार्लरच्या यंत्रांचे हक्क सेगाला दिले. दुसरीकडे स्पेक्ट्रम होलोबाइटने जपानमधील संगणकांचे हक्क हेंक रॉजर्स यांच्या बुलेट-प्रूफ सॉफ्टवेअरला दिले.

रॉजर्स हे जन्माने डच, न्यूयॉर्कमध्ये वाढलेले आणि जपानमध्ये स्थायिक झालेले. द ब्लॅक ओनिक्स या गेममुळे तिथे त्यांचे नाव झाले होते. जानेवारी १९८८ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात त्यांनी टेट्रिस पाहिला, खेळून झाल्यावर पुन्हा रांगेत उभे राहिले, आणि आपण या गेमला धरले आहे की त्याने आपल्याला, हे त्यांना तिथेच कळले. जपानच्या घरगुती डब्यासाठीचे हक्क त्यांनी अटारी गेम्सकडून घेतले आणि डिसेंबर १९८८ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या डब्यावर टेट्रिस आणला. तो जपानमध्ये सुमारे २० लाख विकला गेला.

म्हणजे १९८८ संपताना जपानच्या पार्लरांत सेगाचा, जपानच्या घरांत रॉजर्स यांचा आणि अमेरिका-ब्रिटनच्या संगणकांवर आणखी दोन कंपन्यांचा टेट्रिस चालू होता. यांपैकी फक्त संगणकांचे हक्क मॉस्कोने खरोखर दिलेले होते.

८. फेब्रुवारी १९८९ मध्ये मॉस्कोत नेमके काय घडले?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर थोडे लांबवावे लागेल.

निन्टेंडो तेव्हा गेम बॉय हे हातात धरायचे यंत्र आणण्याच्या तयारीत होती. त्यासाठी टेट्रिस मिळवून देण्याचे रॉजर्स यांनी मनावर घेतले. स्टाइन यांच्याकडे मागणी करूनही उत्तर लांबत चालले, तेव्हा रॉजर्स पर्यटक म्हणून व्हिसा घेऊन, कोणतेही निमंत्रण नसताना मॉस्कोत उतरले, दुभाष्या सोबत घेऊन एलोर्गचे कार्यालय शोधून काढले आणि थेट आत गेले. त्याच आठवड्यात स्टाइनही मॉस्कोत होते आणि रॉबर्ट मॅक्सवेल यांचे पुत्र केविन मॅक्सवेलही. एलोर्गचे निकोलाय बेलिकोव यांनी तिघांना वेगवेगळे भेटून बोलणी केली. एकाच्या बोलण्यातून मिळालेली माहिती त्यांना दुसऱ्याशी बोलताना वापरता येत होती.

रॉजर्स यांनी आपली फॅमिकॉमची कार्ट्रिज, आपल्याकडे जिला सरसकट कॅसेट म्हणत ती, अभिमानाने टेबलावर ठेवली. बेलिकोव यांना धक्का बसला. घरगुती डब्यांचे हक्क आम्ही कोणालाही दिलेले नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्या क्षणी रॉजर्स कायद्याच्या भाषेत बेकायदा माल विकणारे ठरत होते. त्यांनी वाद न घालता आपण ते हक्क कोणाकडून घेतले ते सांगितले आणि विकल्या गेलेल्या मालावरचा मोबदला एलोर्गला देण्याची तयारी दाखवली. या बैठकांना पाजित्नोवही होते. आतापर्यंत भेटलेल्या व्यापाऱ्यांत गेम स्वतः बनवणारा हा एकटाच माणूस असल्याने दोघांचे तिथेच जुळले, आणि ती मैत्री आजवर टिकली आहे.

त्यानंतर बेलिकोव यांनी स्टाइन यांच्यापुढे जुन्या करारातील बदलांचा कागद ठेवला. त्यात उशिरा पैसे भरल्यास होणारा दंड वाढवलेला होता आणि स्टाइन यांचे सगळे लक्ष त्या दंडाकडे लागले. त्याच कागदात संगणक म्हणजे काय हेही लिहिले होते : प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलेले यंत्र. फॅमिकॉमसारखा डबा या व्याख्येत बसत नव्हता. स्टाइन यांनी सही केली, आणि त्या सहीने मिररसॉफ्टपासून टेंजेनपर्यंत साऱ्यांच्या घरगुती हक्कांखालची जमीन सरकली.

केविन मॅक्सवेल यांना बेलिकोव यांनी तीच कॅसेट दाखवून हे काय आहे, असे विचारले. त्यांच्याच मिररसॉफ्टचे नाव तीवर छापलेले होते. मॅक्सवेल यांना आपल्या कंपनीने कोणाला काय विकले याची कल्पना नव्हती. ही चोरीची नक्कल असावी, असे उत्तर त्यांनी दिले. म्हणजे मिररसॉफ्टने हे हक्क कधी विकलेच नाहीत, असा कबुलीजबाबच त्यांच्या तोंडून आला.

रॉजर्स हातातल्या यंत्रांचे हक्क घेऊन परतले. घरगुती डब्यांच्या हक्कांसाठी मिररसॉफ्टकडून ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तेव्हा निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेचे मिनोरू अराकावा आणि हॉवर्ड लिंकन स्वतः मॉस्कोला गेले आणि मार्च १९८९ मध्ये त्यांनी त्या हक्कांच्या करारावर सही केली.

९. टेंजेनची टेट्रिसची कॅसेट बाजारातून का काढून घेतली गेली?

टेंजेनने मे १९८९ मध्ये निन्टेंडोच्या एनईएस डब्यासाठी (फॅमिकॉमच्याच अमेरिकेतील रूपासाठी) आपला टेट्रिस विकायला काढला, तेव्हा निन्टेंडोचा मॉस्कोतील करार होऊन गेलेला होता. दोघांनीही एकमेकांविरुद्ध दावे लावले. एनईएस हा खरे तर संगणकच आहे, त्याला कीबोर्ड आणि ड्राइव्ह जोडता येतात, म्हणून स्टाइन यांच्या करारात तो येतो, असा टेंजेनचा मुद्दा होता. निन्टेंडोने एलोर्गची माणसे साक्षीला आणली आणि प्रश्न ८ मधील व्याख्येवर बोट ठेवले. जून १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील फेडरल न्यायालयाच्या न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी टेंजेनविरुद्ध मनाई हुकूम दिला. जेमतेम चार आठवडे दुकानांत राहून गेम परत घेण्यात आला आणि सुमारे २ लाख ६८ हजार कॅसेटी नष्ट करण्यात आल्या.

खेळणाऱ्यांचे मत विचारात घेतले तर हे दुर्दैवच म्हणावे लागेल. टेंजेनच्या आवृत्तीत दोघांना एकाच पडद्यावर एकाच वेळी खेळता येत असे. निन्टेंडोने त्याच वर्षी एनईएसवर आणलेल्या आवृत्तीत ती सोय नव्हती. पण न्यायालयापुढे चांगला गेम कोणाचा हा प्रश्न नव्हता.

१०. अटारी, अटारी गेम्स आणि टेंजेन एकच का?

नाही, आणि हा गोंधळ अनेक मराठी लेखांतही झालेला दिसतो. १९८४ मध्ये मूळ अटारीचे दोन तुकडे झाले. घरगुती यंत्रे आणि संगणक जॅक ट्रॅमिएल यांच्या अटारी कॉर्पोरेशनकडे गेले. पार्लरची यंत्रे बनवणारा विभाग अटारी गेम्स म्हणून वेगळा राहिला. घरगुती बाजारात अटारी हे नाव वापरता येत नसल्यामुळे अटारी गेम्सने टेंजेन हे नाव घेतले. टेट्रिसचा खटला लढली ती अटारी गेम्स, टेंजेनच्या नावाने.

११. गेम बॉयसोबत मारिओ न देता टेट्रिस का दिला?

रॉजर्स यांनी अराकावा यांना पटवलेला मुद्दा असा होता की, मारिओ हा निन्टेंडोचा गाजलेला गेम दिला तर लहान मुलगे यंत्र घेतील, पण टेट्रिस दिला तर कोणीही घेईल. हा अंदाज अचूक ठरला. जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी गेम बॉय आला तेव्हा टेट्रिस सोबत नव्हता, तो जूनमध्ये वेगळा विकायला आला. अमेरिकेत मात्र ३१ जुलैपासून तो खोक्यातच मिळू लागला. नोकरदार, प्रवासी, आज्या, ज्यांनी आयुष्यात व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता, अशी माणसे हा गेम खेळू लागली. गेम बॉयवरील टेट्रिसच्या जगभर साडेतीन कोटींच्या आसपास प्रती गेल्या.

यंत्र आणि गेम एकमेकांना शोभत होते, हेही तितकेच खरे. गेम बॉयच्या पडद्यावर रंग नव्हते, फक्त हिरवट रंगाच्या चार छटा होत्या आणि वेगाने सरकणारी चित्रे त्यावर फिकट होत. एका वेळी एकच तुकडा खाली येणाऱ्या टेट्रिसचे त्यावाचून काही अडत नव्हते. शिवाय तारेने दोन यंत्रे जोडून समोरासमोर खेळता येत असे. १९९३ मध्ये अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांनी तो मीर अवकाशस्थानकावरही नेला.

१२. घरगुती हक्क निन्टेंडोकडे गेले, तर सेगाची पार्लरमधली यंत्रे कशी चालू राहिली?

कारण पार्लरच्या यंत्रांचे हक्क वेगळे होते आणि ते एलोर्गने फेब्रुवारी १९८९ च्या बोलण्यांतच स्टाइन यांना दिले. त्यामुळे त्यांच्या खालच्या साखळीतील अटारी गेम्स आणि सेगा यांचा तेवढा भाग कायदेशीर झाला. सेगाची यंत्रे जपानमध्ये जोरात चालली. मात्र सेगाने आपल्या मेगा ड्राइव्ह या घरगुती डब्यासाठी तयार केलेला टेट्रिस विक्रीआधीच मागे घ्यावा लागला. त्याच्या मोजक्या प्रती बाहेर राहिल्या आणि त्या आज संग्राहकांमध्ये अत्यंत दुर्मीळ मानल्या जातात. २०१९ मध्ये सेगाने काढलेल्या छोट्या मेगा ड्राइव्हमध्ये मात्र टेट्रिस रीतसर परवान्याने, नव्याने लिहून घातलेला होता.

१३. टेट्रिस न मिळालेल्या कंपन्यांनी काय केले?

त्यांनी स्वतःचे गेम शोधले, आणि पझल गेमच्या बाजाराची खरी वाढ इथून झाली. ह्युलेट-पॅकार्डमधील जे गीर्ट्सन यांनी लिहिलेला कॉलम्स सेगाने घेतला, १९९० मध्ये पार्लर आणि मेगा ड्राइव्हवर आणला आणि पुढे अमेरिकेत आपल्या गेम गिअर यंत्रासोबत दिला. निन्टेंडोने गेम बॉयबाबत जे केले तेच हे धोरण. खटला हरलेल्या अटारी गेम्सने १९९० मध्ये क्लॅक्स काढला. खुद्द निन्टेंडोनेही केवळ टेट्रिसवर विसंबून न राहता त्याच वर्षी डॉक्टर मारिओ आणला. जपानच्या कंपाइलने १९९१ मध्ये पुयो पुयो काढला. त्याच्या पुढच्या वर्षीच्या पार्लर आवृत्तीने समोरच्या खेळाडूच्या चौकटीत कचरा, म्हणजे अडथळा आणणारे तुकडे, टाकून त्याला हरवण्याची पद्धत इतकी लोकप्रिय केली की, नंतरचे कित्येक गेम तिच्याच वळणावर गेले.

ब्रिटनमध्ये वेगळीच वाट निघाली. १९८९ चा पाइप मेनिया आणि स्कॉटलंडच्या डंडी शहरातील डीएमए डिझाइनने लिहिलेला १९९१ चा लेमिंग्ज हे दोन्ही टेट्रिसची सावली नसलेले, अस्सल वेगळे गेम आहेत. लेमिंग्जवर स्वतंत्रपणे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

१४. पाजित्नोव यांना पैसे केव्हा मिळू लागले?

१९९६ पासून. गेम जगभर कोट्यवधींनी विकला जात असताना पहिली दहा-बारा वर्षे त्यांना त्यातून रॉयल्टी म्हणून काहीच मिळाले नाही; संस्थेकडून एक संगणक मिळाला, एवढेच. मधल्या काळात त्यांनी वेलट्रिस, हॅट्रिस असे गेम केले आणि १९९१ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले. राज्याला दिलेली मुदत संपल्यावर १९९६ मध्ये त्यांनी आणि रॉजर्स यांनी टेट्रिस कंपनी स्थापन केली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर खासगी झालेल्या एलोर्गकडे राहिलेला वाटाही २००५ मध्ये याच कंपनीने विकत घेतला. पाजित्नोव यांनी या साऱ्याविषयी जाहीरपणे कधी कडवटपणा दाखवलेला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मला ते जमले नसते.

मॅक्सवेल समूहाचे काय झाले, असेही अनेक जण विचारतात. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी टेट्रिसचे प्रकरण थेट गोर्बाचेव यांच्यापर्यंत नेले होते, पण निन्टेंडोचा करार टिकला. नोव्हेंबर १९९१ मध्ये मॅक्सवेल यांचा मृत्यू झाला, समूह कर्जाखाली कोसळला आणि त्यासोबत मिररसॉफ्टही संपली.

१५. विंडोजमध्ये मिळणारे माइनस्वीपरसारखे गेम या इतिहासात कुठे बसतात?

मायक्रोसॉफ्टने १९९० मध्ये विंडोजसाठी एंटरटेनमेंट पॅक हा गेमचा संच वेगळा विकायला काढला. त्यात टेट्रिस होता आणि माइनस्वीपरही. १९९२ मध्ये विंडोज ३.१ सोबत माइनस्वीपर फुकट येऊ लागला आणि कचेऱ्यांमधल्या संगणकांवर पोहोचला. विकत न घेता सोबत आलेला पझल गेम सर्वांत जास्त खेळला जातो, हे गेम बॉयने दाखवले होते (प्रश्न ११). विंडोजने ते आणखी मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले.

१६. १९९० च्या दशकात आपल्याकडे मिळणारा ब्रिक गेम अधिकृत टेट्रिस होता का?

नव्हता. महाराष्ट्रात जत्रेत, रेल्वे स्थानकांबाहेर आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणारे ते बहुतेक चिनी बनावटीचे यंत्र आणि त्याच्या खोक्यावरचे ९९९९ गेमचे आश्वासन अनेकांना आठवत असेल. प्रत्यक्षात त्यात मोजकेच गेम असत आणि बाकीचे वेग किंवा सुरुवातीची पातळी बदलून मोजलेले असत. पडद्यावर दहा बाय वीस चौकोन कायमचे कोरलेले असत. ही मापे टेट्रिसच्या चौकटीचीच. मॉस्कोतील कोणत्याही कराराशी त्या यंत्रांचा संबंध नव्हता. तरीही आपल्या पिढीतील पुष्कळ मराठी माणसांनी टेट्रिस पहिल्यांदा खेळला तो याच यंत्रावर, ही वस्तुस्थिती आहे, आणि तो काळ आठवून पत्र लिहिणाऱ्यांची संख्या याच प्रश्नावर सर्वांत जास्त आहे.

१७. आज मी स्वतः तुकडे पडणारा गेम बनवून विकू शकतो का?

कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो. म्हणूनच कॉलम्स, क्लॅक्स आणि पुयो पुयो (प्रश्न १३) बिनधोक विकले गेले : तुकडे पडतात ही कल्पना त्यांनी घेतली, पण आकार, नियम आणि रूप स्वतःचे ठेवले. २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयाने आयफोनवरच्या मिनो या गेमबाबत हीच रेषा आखली. मिनोच्या निर्मात्यांनी आज्ञावली स्वतः लिहिली होती आणि आपण फक्त नियम घेतले असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने मात्र दहा बाय वीसची चौकट, चार चौकोनांचे तेच सात आकार, त्यांचे ठळक रंग, तुकडा कुठे पडेल ते दाखवणारी सावली आणि पुढचा तुकडा दाखवण्याची रीत यांची नक्कल झाल्याचे मान्य केले आणि निकाल टेट्रिसच्या बाजूने दिला. टेट्रिस हे नाव तर ट्रेडमार्क म्हणून वेगळे संरक्षित आहेच. हा निकाल अमेरिकेतील एका न्यायालयाचा आहे आणि भारतातील न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. पण अ‍ॅप स्टोअर चालवणाऱ्या कंपन्या अमेरिकी असल्याने तक्रार आली की गेम तिथून काढला जाण्याची शक्यता भारतातल्या निर्मात्यालाही लक्षात घ्यावी लागते. आकार सातऐवजी वेगळे, चौकट वेगळ्या मापाची आणि ओळ पुसण्याऐवजी दुसरा नियम, इतका फरक ठेवणारा गेम बनवणे कठीण नाही, आणि तो खेळायलाही नवा वाटेल.